मैदानावर सापडलेली सिरिंज

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचली तरी चालेल, पण ज्यांच्या घरातलं पोरगं भरतीची तयारी करतंय त्यांनी आजच वाचा.

नवीन जोडलेल्यांसाठी आधी माझी ओळख. मी फौजेत 21 वर्षं काढली. बंदूक कमी आणि सुई जास्त हातात होती. आर्मी मेडिकल कोअर, नर्सिंग असिस्टंट. ट्रेनिंग लखनौला, मग जिथं बदली होईल तिथं. हवालदार म्हणून पेन्शन आलो, पण गावात मला सगळे मेजरच म्हणतात. आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. आता शेती बघतो आणि सकाळी बोरीतल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरांना मैदानावर पळवतो. फी घेत नाही. अकॅडमी वगैरे नाही, बोर्ड नाही, चुन्यानं आखलेला ट्रॅक, दोन झाडांना बांधलेला बीम आणि आम्हीच खांदलेला 9 फुटी खड्डा, एवढंच.

तर झालं असं. मागच्या महिन्यात एका सकाळी साडेपाचला पोरं वार्मअप करायली होती आणि मी बाभळीकडं चपला काढून ठेवायला गेलो. तिथं झुडपाच्या बुडाशी एक सिरिंज दिसली. वापरलेली. सुईच्या मुळाशी रक्त वाळून काळं पडलेलं. बाजूला छोटी काचेची बाटली, लेबल नखानं खरवडून काढलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, भरतीच्या मैदानावर हे नवीन नाही. पोलीस भरती असो, आर्मी असो, 1600 मीटरचं टायमिंग चार-पाच सेकंदांनी हुकतं आणि पोरगं वर्षभर मागं पडतं. वयाची मर्यादा तर कोणासाठी थांबत नाही. अग्निवीरला साडेसतराव्या वर्षापासून दार उघडतं आणि बघता बघता बंद होतं. मग कोणीतरी सांगतं, अमुक इंजेक्शन घे, दम लागत नाही. मेडिकलवाल्याचा भाचा ओळखीचा निघतो. औषध महाग, म्हणून चौघांत एक बाटली. आणि बाटली एकच तर सिरिंज कशाला चार घ्यायच्या?

हा शेवटचा हिशोब जीव घेणारा आहे. बाटलीतल्या औषधाचं हृदयावर, लिव्हरवर काय होतं तो वेगळा विषय, त्यावर नंतर लिहीन. मला त्या सकाळी फक्त सुईवरचं वाळलेलं रक्त दिसत होतं.

शिट्टी मारून सगळ्यांना गोळा केलं. 26 पोरं. सिरिंज कागदात गुंडाळून हातात धरली आणि म्हणालो, "कोणी वापरली ते इथं सांगू नका. मी मारणार नाही, घरी सांगणार नाही, मैदानावरून काढणार नाही. पण ज्यांनी वापरली त्यांनी आज दिवस मावळायच्या आत मला भेटायचं. घड्याळ चालू झालेलं आहे."

कोणी हललं नाही. सगळ्यांच्या नजरा बुटांकडं.

घड्याळ कशाचं ते सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत आहे. एचआयव्ही शरीरात शिरल्याची शंका असेल, दुसऱ्याची सुई टोचली असेल, असुरक्षित संबंध आला असेल, जबरदस्ती झाली असेल, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडं गेलं पाहिजे. डॉक्टरांना धोका वाटला तर ते 28 दिवसांच्या गोळ्या सुरू करतात आणि लागण टळू शकते. जितकं लवकर तितकं चांगलं. पहिल्या काही तासांत गेलात तर उत्तम. चौथ्या दिवशी गेलात तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरला सुई टोचली की हेच करतात. मी स्वतः एकदा त्या रांगेत उभा राहिलेलो आहे.

त्या दिवशी मी शेतात गेलोच नाही. घरी ओसरीवर बसून राहिलो. आणि बसल्या बसल्या मला एक जुना चेहरा आठवायला लागला, जो मी वीस वर्षं विसरायचा प्रयत्न करतोय.

2002 साल. एका सेंटरमध्ये रंगरुटांना लेक्चर द्यायचं काम माझ्याकडं आलं. फौजेत एड्सवर लेक्चर होतातच, त्यात काही विशेष नाही. घरापासून दूर, विशीतली पोरं, खिशात पहिला पगार, आउटपास मिळाला की शहर. जगभरच्या फौजांची ही चिंता होती. जुलै 2000 मध्ये तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं यावर ठराव केला, क्रमांक 1308, शांतिसेनेतल्या जवानांना एचआयव्हीबद्दल शिकवा म्हणून. आपल्या बटालियन आफ्रिकेत जायच्या, त्यामुळं वरून जोर होता.

मी काय शिकवायचो? माझ्याकडं चार्ट होते. एकावर कवटी. एकावर हाडांचा सापळा झालेला माणूस. मोठ्या आवाजात मी म्हणायचो, "एड्स का मतलब मौत. कोई दवा नहीं, कोई इलाज नहीं." पोरं गप्प बसायची. मला वाटायचं, लेक्चर जबरदस्त झालं. सुभेदारसाहेबांनी पाठ थोपटली होती. पंचेचाळीस मिनिटं, शेवटी "कोई शक?" आणि सगळे एका सुरात, "नहीं उस्ताद!"

त्यातलाच एक पोरगा तीन वर्षांनी मला दुसऱ्या ठिकाणी दवाखान्याच्या वॉर्डात भेटला. कुठला होता, कुठल्या पलटणीचा, सांगणार नाही. टीबीनं खंगलेला. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. रिपोर्ट माझ्या हातात होता. मी विचारलं, तुला शंका कधी आली? म्हणाला, दोन वर्षं झाली. मग तपासून का घेतलं नाहीस?

तो म्हणाला, "उस्ताद, आपने ही तो बताया था, मतलब मौत. फिर चेक कराके क्या करना था?"

राग नव्हता त्याच्या आवाजात. खरंच विचारत होता.

2005 होतं ते. देशात 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं मोफत एआरटी औषधं सुरू केली होती, फौजेच्या मोठ्या दवाखान्यातही उपचार होता. म्हणजे मी कवटी दाखवत होतो तेव्हाही जगात औषध होतं, आणि तो घाबरून बसला होता तेव्हा तर आपल्या देशात फुकट मिळत होतं. मधल्या दोन वर्षांत त्याचं लग्न झालं होतं. बायकोचीही तपासणी करावी लागली. त्या रिपोर्टबद्दल मी लिहिणार नाही. माझी बदली झाली, पुढं त्या दोघांचं काय झालं ते मला कळालं नाही. कवटीचा चार्ट मात्र मी त्या दिवसानंतर लावला नाही.

असो. संध्याकाळी सहाच्या सुमारास चौघं आले. आधी एक गल्लीच्या तोंडाशी टेहळणी करून गेला, मग चौघं मिळून. मंडळींनी चहा केला आणि काही न विचारता आत निघून गेली. चौघांनी आदल्या सकाळी टोचलं होतं. म्हणजे दीड दिवस गेलेला, दीड दिवस हातात.

तिघं अठराच्या पुढचे. चौथा सतरा वर्षं काही महिने. इथं अडचण होती. एचआयव्हीची टेस्ट कोणाचीही त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, तसा कायदाच आहे, 2017 चा, आणि अठराच्या आतला असेल तर पालकाची संमती लागते. मी सकाळी शब्द दिला होता, घरी सांगणार नाही. त्या पोराला समोर बसवून म्हणालो, "तुझ्या बापाला मी सांगत नाही. तू सांग. मी शेजारी बसतो." त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं पळून जातो आता. म्हणाला, "सर, पप्पा मारून टाकतील."

रात्री आठला आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाप माझ्याहून लहान, तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पोरानं मान खाली घालून सगळं सांगितलं. एक वाक्य अर्धवट राहिलं ते मी पूर्ण केलं. मी हात तयार ठेवला होता, बाप उठला तर धरायला.

तो उठला नाही. बराच वेळ काही बोललाच नाही. मग मला म्हणाला, "मेजर, माझा थोरला भाऊ ठाऊक आहे का तुमाला?"

मला अंधुक आठवत होता. ट्रकवर क्लीनर होता, नंतर ड्रायव्हर झाला. मी फौजेत असतानाच वारला, टीबीनं गेला असं सुट्टीवर आल्यावर ऐकलं होतं.

"टीबी नव्हता नुसता," तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलं होतं, पण आमच्या आईनं कोणाला बोलू दिलं नाही. आखाड्यावर ठेवलं त्याला, बैलाच्या बाजूला. ताटली निराळी, तांब्या निराळा. म्या भाकर न्यायचो तर लांबून ठेवायचो. आवाज द्यायचा तो, जरा बस म्हणून. म्या बसलो नाही कधी."

त्याचं पोरगं हे पहिल्यांदाच ऐकत होतं.

मग बापानं विचारलं, "कागद कुठाय?" मी सांगितलं, कागद तिथं दवाखान्यात असतो. तर म्हणाला, "मग सकाळी म्याच येतो संगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण जिंतूरला गेलो. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी म्हणून खोली असते, एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र. नाव जड आहे, काम सोपं. टेस्ट फुकट. आधी समुपदेशक बोलतात, एकेकाशी, दार लावून. मी आणि तो बाप बाहेर बाकड्यावर. बापाला त्याच्या पोराच्या वेळी आत बोलावलं, बाकीच्यांच्या वेळी नाही. आतल्या मॅडमनी पोरांना सांगितलं ते पोरांनी मला परत येताना सांगितलं: आजची टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती आजच्या दिवसाचं उत्तर नाही, कारण लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो. म्हणून तीन महिन्यांनी परत यायचं. आणि सुईचा मामला आहे म्हणून हिपॅटायटीस बी आणि सी पण तपासायचं, ते एचआयव्हीहून सहज पसरतात.

गोळ्या सुरू केल्या की नाही, रिपोर्ट काय आला, हे मला विचारू नका. कोण होते तेही नाही. ओळख लागू नये म्हणून इथं एक-दोन तपशील मुद्दाम बदलले आहेत. कायद्यानं ती माहिती त्यांची आहे. गावाची नाही.

त्या रविवारपासून आम्ही मैदानावर वर्ग सुरू केला. पळून झालं की शाळेच्या भिंतीच्या सावलीत तासभर. कवटी नाही, सापळा नाही. गोडेतेलाचा एक रिकामा डबा आणला, झाकणाला भोक पाडलं आणि सांगितलं, चिठ्ठी टाका, नाव लिहू नका, अक्षर ओळखायला मी काय तलाठी नाही.

पहिल्या रविवारी 26 पोरांत 41 चिठ्ठ्या निघाल्या.

मच्छर चावल्यानं होतो का? नाही. मच्छराच्या पोटात हा विषाणू जगत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका टॉवेलनं, हात मिळवल्यानं, खोकल्यानं? नाही. न्हाव्याच्या ब्लेडनं? धोका फार कमी, पण ब्लेड नवीन लावायला सांगा, त्यात लाज कसली, हिपॅटायटीस तर टळेल. उरुसात गोंदून घेतलं तर? हा प्रश्न तीन चिठ्ठ्यांवर होता. परभणीचा उरूस फेब्रुवारीत भरतो, आपली पोरं तिथं हातावर वाघ काढून घेतात आणि रांगेतल्या सगळ्यांना तीच सुई. त्यात दुहेरी नुकसान आहे. सुई पुढच्याला बदलली नाही तर रक्तातून रोग जाऊ शकतात, आणि आर्मीच्या मेडिकलला टॅटूचा नियम कडक असतो. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या पाठीवर चालतो, आदिवासी उमेदवारांना रीतिरिवाजाप्रमाणं सूट आहे, बाकी छातीवरचा वाघ घेऊन गेलात की परत घरी. हे ऐकून दोघा-तिघांनी टी-शर्ट खाली ओढले. एचआयव्हीपेक्षा वाघाची भीती जास्त बसली. बसू द्या. सुई टळली ना.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कशावर होत्या सांगू? एचआयव्हीवर नाहीच. हातानं केल्यानं ताकद जाते का, धातू गेल्यानं दम लागतो का, भरतीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरला कळतं का. 41 पैकी 13. परभणी रोडनं जाताना भिंती बघा. गुप्तरोग, धातुरोग, शर्तिया इलाज, खाली मोबाईल नंबर. आपली पोरं तिथं शिकतात. आणि मग ज्याला वाटतं आपली ताकद गेली, तोच बाभळीच्या आडोशाला जाऊन इंजेक्शन घेतो. हे दोन वेगळे विषय आहेत असं मलाही वाटायचं. चिठ्ठ्या वाचल्यावर धागा दिसला.

मी सरळ उत्तर दिलं. काही होत नाही, ताकद जात नाही, कोणत्याही डॉक्टरला कळत नाही, विचारतही नाहीत. मैदानावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मग एकजण मागून मोठ्यानं "हुश्श" म्हणाला, तेव्हा जे हसणं सुटलं ते पाच मिनिटं थांबेना.

हे प्रश्न आजचे नाहीत. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यात वाचक असलेच प्रश्न पत्रांतून विचारायचे आणि ते उत्तरं छापायचे. त्या उत्तरांबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू कोणी मांडली? बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. जयंतीला डीजे लावणाऱ्या आपल्या पोरांना बाबासाहेबांची ही केस ठाऊक नसते. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षं होऊन गेली आणि तेच प्रश्न माझ्या तेलाच्या डब्यात आले.

शाळेत हे शिकवायचा एक कार्यक्रम होता. 2007 मध्ये आरडाओरडा झाला, संस्कृती बुडते म्हणून आपल्या राज्यासकट अनेक राज्यांनी तो थांबवला. आज माझ्या मैदानावर जी पोरं आहेत ती बहुतेक त्याच सुमाराला जन्मलेली. त्यांना शिकवलं कोणी? मोबाईलनं. आणि मोबाईलमध्ये जे दिसतं त्यात निरोध कोणी वापरताना दिसत नाही.

निरोधचं सांगतो. दुसऱ्या रविवारी मी तो दाखवला. रिलेच्या काठीवर चढवून. खोखो हसणं, खाली बघणं, सगळं झालं. मग कामाच्या गोष्टी. पाकिटावरची तारीख बघा. पॅन्टच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका, उन्हानं आणि घासून खराब होतो. दातानं फाडू नका. खोबरेल तेल, व्हॅसलिन लावू नका, रबर कमजोर होऊन फाटतं. एक एकदाच. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. मी हेही म्हणालो की लग्नापर्यंत थांबणार असाल तर चांगलंच आहे, तो तुमचा निर्णय, पण थांबलेल्यालाही हे माहीत असावं. गाडी न चालवणाऱ्यालाही लाल दिवा कळतोच की.

एक चिठ्ठी होती, "लग्नाच्या आधी मुलीची टेस्ट करून घ्यावी का?" मी ती वाचली आणि विचारलं, "आणि तुझी?" कोणाची चिठ्ठी ते मला माहीत नव्हतं, पण सगळ्यांनीच माना खाली घातल्या. ही खोड जुनी आहे. इंग्रजांच्या छावण्यांत गोऱ्या शिपायांना गुप्तरोग व्हायचे, तेव्हा 1864 नंतर कायदा करून सक्ती कोणावर झाली? छावणीजवळच्या बायकांवर. त्यांची नोंद, त्यांची तपासणी, त्यांना 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडणं. शिपाई मोकळा. आपल्या शेजारी हिंगोलीलाही निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती, त्यामुळं छावणी म्हणजे काय हे या भागाला सांगायची गरज नाही. टेस्ट करायची तर दोघांनी मिळून करा, एकत्र जा, एकत्र या.

आणि ज्याची पॉझिटिव्ह येईल त्याचं काय? इथं मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण इथंच मी 2002 मध्ये चुकलो होतो. आज देशात 25 लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतात आणि सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात आहेत. जगतात हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. 2017 पासून धोरणच आहे, पॉझिटिव्ह आला की लगेच औषध, वाट बघायची नाही. बहुतेकांना दिवसातून एक गोळी. फुकट. नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की टेस्टमध्येही मोजता येत नाही, आणि तशा अवस्थेत संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आई पॉझिटिव्ह असली तरी वेळेवर औषध घेतलं तर बाळ निगेटिव्ह जन्माला येऊ शकतं. गोळी सोडायची मात्र नाही. बरं वाटतंय म्हणून सोडली की विषाणू परत डोकं वर काढतो.

"म्हणजे मरत नाही?" एकानं चिठ्ठीचा नियम मोडून विचारलं. मी म्हणालो, "मरतो की. म्हातारा होऊन, तुझ्या-माझ्यासारखा."

दुसरी एक गोष्ट मला त्यांच्या डोक्यातून काढायची होती, ती म्हणजे पॉझिटिव्ह माणूस वाईट चालीचाच असतो. वायुसेनेतल्या एका जवानाची केस सांगितली, ती सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. 2002 मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी तो आजारी पडला, लष्करी दवाखान्यात त्याला रक्ताची एक बाटली चढवली. 2014 मध्ये कळालं, एचआयव्ही. 2016 मध्ये नोकरीतून बाहेर. वर्षानुवर्षं भांडला आणि सप्टेंबर 2023 मध्ये कोर्टानं त्याला दीड कोटीच्या वर भरपाई द्यायला सांगितली. देशासाठी सीमेवर गेलेला माणूस, आणि आजूबाजूचे त्याच्याकडं कसे बघत असतील? आमच्या त्या चौघांनीही कोणाशी संबंध ठेवला नव्हता. पळायचं होतं त्यांना, जोरात, बास.

गावात चर्चा झालीच. पारावर एका जाणत्या माणसानं मला थांबवलं. वयानं मोठे आहेत, मान ठेवतो मी त्यांचा. म्हणाले, "मेजर, पळायचं शिकवा. हे असलं काय शिकवायलात? लेकरं बिघडतील." मी म्हणालो, "तात्या, लेकरं बिघडली असती तर चिठ्ठ्या कामून टाकल्या असत्या? बिघडलेला विचारत नसतो." ते काही पटलं नाही त्यांना. दोन पोरांच्या घरच्यांनी रविवारचं येणं बंद केलं. ती पोरं पळायला येतात आणि वर्गाच्या वेळी बुटाची लेस बांधत भिंतीच्या पलीकडं रेंगाळतात. ऐकू जाईल इतक्या आवाजात मी बोलतो.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या परभणी, जिंतूर, सेलूच्या सगळ्या अकॅडमीवाल्यांना माझी विनंती आहे. तुम्ही महिन्याला फी घेता, पोरं होस्टेलवर ठेवता, टायमिंग लावून घेता. महिन्यातला एक तास याला द्या. तुम्हाला बोलायला अवघड वाटत असेल तर आयसीटीसीच्या समुपदेशकांना बोलवा, ते त्यांचं कामच आहे. आणि तुमच्या मैदानाच्या कडेची झुडपं एकदा स्वतः फिरून बघा. मला जे सापडलं ते फक्त बोरीतच सापडेल असं वाटत असेल तर तुमची मर्जी.

पालकांनो, पोरगं गपगप राहत असेल, दंडावर किंवा कमरेवर टोचल्याची खूण दिसली तर आधी हात उगारू नका. आधी विचारा, कधी टोचलं? तासांचा हिशोब लावा आणि दवाखाना गाठा. बोलायची लाज वाटत असेल तर 1097 वर फोन करा, सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीत बोला, नाव सांगायची गरज नाही.

त्या चौघांची दुसरी टेस्ट अजून व्हायची आहे. तारीख माझ्या घरच्या कॅलेंडरवर नुसता गोल करून ठेवली आहे, कशाची ते लिहिलेलं नाही. चौघंही रोज मैदानावर येतात. त्यातल्या सतरा वर्षांच्या पोराचा बाप आता पहाटे त्याला सोडायला येतो आणि शाळेच्या पायरीवर बसून राहतो. मागच्या रविवारी वर्ग संपला, पोरं पांगली, तो मागं थांबला. मला वाटलं पोराचं काही विचारायचं असेल. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला, डब्याच्या भोकातून आत टाकला आणि काही न बोलता गाडीला किक मारून गेला.

पुढचा वर्ग रविवारी सकाळी सात वाजता, मैदानावरच. यंदा आशाताईही येणार आहेत, त्यामुळं ज्या मुली पोलीस भरतीची तयारी करायल्यात त्यांनीही या, त्यांचा वर्ग त्या वेगळा घेतील. पाण्याची बाटली आणा. डबा सहा वाजल्यापासून भिंतीजवळ ठेवलेला असेल. चिठ्ठीवर नाव लिहू नका.